शून्यबी आकडाच हाय, सर

वीरण्णांबरोबर चहा प्यायला बसू नये असं बिदरकडच्या आमच्या चिटगुप्प्यात सगळे म्हणायचे, आणि सगळेच बसायचे. माणूस वाईट नव्हता हो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, भेटले की दोन्ही हात जोडून "शरणु शरणार्थी". पण बशीतला चहा संपायच्या आत ते तुमचं काहीतरी मोजायचे आणि तुमच्याच हातात द्यायचे. एकदा शिवप्पा किराणावाला भावकीतलं भांडण रंगवून सांगत होता. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिवप्पा, मघापासनं तू 'खरं सांगतो' असं सहा डाव म्हणलास." शिवप्पाचं भांडण तिथंच संपलं. चहाही अर्धा टाकून तो उठून गेला.

मलाही सोडलं नाही. मी जाधव. चोवीस वर्षं हायस्कुलात पीटी शिकवली, आता रिटायर. पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही, म्हणून चिटगुप्प्याची फुटबॉलची टीम सांभाळतो. एका मॅचनंतर, तीन गोलांनी हरून मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेव्हा अण्णा शेजारी येऊन बसले. मला वाटलं, समजूत घालतील. तर म्हणाले, "सर, आज तुमी एकशेबारा डाव 'पळ' म्हणून वरडलाव. त्यातले नऊ डाव पोरं पळाली."

आता सांगा, अशा माणसाचं काय करावं?

अण्णांची नोकरी पाऊस मोजायची. आमच्या मैदानाला लागून एका सरकारी आवारात तारेचं छोटं कुंपण आहे, त्यात पावसाचं माप बसवलेलं. रोज सकाळी साडेआठला अण्णा कुंपणाचं दार उघडणार, वरचं नरसाळं काढणार, आतली बाटली उचलून काचेच्या मापात ओतणार, गुडघ्यावर बसून पाण्याच्या रेषेला डोळा लावणार आणि आकडा वहीत लिहून वर कळवणार. पावसाळ्यात ठीक आहे. पण आमच्या भागात पाऊस पडून पडून पडतो किती दिवस? बाकीचं वर्षभर हा माणूस कोरडी बाटली कोरड्या मापात ओतायचा, गुडघ्यावर बसून काहीही नसलेल्या रेषेला डोळा लावायचा आणि लिहायचा, शून्य.

मी एकदा कुंपणाबाहेरून म्हणालो, "अण्णा, एप्रिल महिना हाय. बाटली कामून ओतायलाव? रिकामी हाय की!"

"ओतल्याबिगर रिकामी हाय हे कळतंय कसं?"

"मग लिवा तर सरळ. न्हाईतर सोडून द्या ती जागा कोरी."

तेव्हा अण्णा पहिल्यांदा माझ्यावर चिडले. उठले, कुंपणापाशी आले आणि वही माझ्या नाकासमोर धरली. "सर, कोरी जागा म्हंजी माणूस गेलाच न्हाई. शून्य म्हंजी माणूस गेला, बघितला, आन् पाऊस न्हाई. लै फरक हाय. शून्यबी आकडाच हाय, सर."

हे वाक्य नंतर मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन.

त्यांच्या लेकीच्या, शिवलीलाच्या लग्नाची गोष्ट तर अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मे महिना, मांडव भरलेला, स्वामी आलेले, अक्षता हातात घेऊन लोक उभे, आणि नवरीचा बापच गायब. गंगाक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, घड्याळ बघितलं. आठ चाळीस. पदर खोचून त्या तिथंच म्हणाल्या, "कुटं जाणार? गेला असंल पाऊस बघाया!" मला मोटारसायकलवर पाठवलं. अण्णा नव्या रेशमी धोतरात कुंपणात गुडघ्यावर बसलेले. मी ओरडलो, "अहो, लेकीचं लगीन हाय!" तर म्हणाले, "व्हय की. म्हणून तर पाच मिन्टात आटपायलोय." मांडवात आल्यावर व्याह्यांनी चेष्टेनं विचारलं, "काय निघालं, पाव्हणं?" अण्णा टोपी सारखी करत गंभीरपणे म्हणाले, "शून्य." आणि अक्षता पडल्या.

फुटबॉलशी त्यांचा संबंध आला तोही भांडणातूनच. आमच्या एका गड्यानं गोलऐवजी कुंपणात बॉल मारला आणि मापाचं नरसाळं उडालं. आदल्या दिवशी पाऊस झालेला. अण्णा आले तेव्हा बाटली आडवी, पाणी मातीत. त्या दिवशी त्यांच्या वहीत आयुष्यातली पहिली कोरी जागा पडली. माणूस रडायचाच राहिला होता. वही घेऊन थेट मैदानात आले, कारण लिहिलं, "बॉल लागला", आणि खाली माझी सही घेतली. दुसऱ्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस असली की अण्णा कुंपणापाशी राखण करायला उभे. नुसते उभे राहतील तर ते वीरण्णा कसले? कोण किती वेळा बॉल हुकवतो, कोण पडल्याचं सोंग करतो, कोण कुणाकडं बॉल देतच नाही, सगळं मोजायला लागले. आमच्या टीममध्ये दोन चुलतभावांचं घरच्या बांधावरून वाजलेलं होतं आणि दोन महिने त्यांनी एकमेकांना एकदाही बॉल दिला नव्हता. मला, चोवीस वर्षांच्या पीटी मास्तरला, याचा पत्ता नव्हता. अण्णांच्या वहीत होता.

पुढं आवारात नवं यंत्र आलं. खांबावर पांढरा डबा, वर काळी पाटी उन्हाला लावलेली. माणूस नको, काही नको, आकडा आपोआप वर जातो. अण्णांच्या नोकरीचेही शेवटचे महिने होते. मला वाटलं, माणूस खचेल. मी म्हणालो, "मशीननं तुमचं काम घेतलं हो अण्णा." तर म्हणाले, "मशीनवर राग न्हाई माजा. मी इचारून घेतलंय. ते बी शून्य धाडतंय." पण त्यानंतर साडेआठला त्यांना काय करावं ते कळेना. शिवलीला पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. ती फोन करून मागं लागायची, अप्पा, आई आणि तुम्ही इकडं या आता. अण्णा म्हणायचे, "एक शीजन होऊ दे गं माय. सरांची टीम बुडायलीय."

ते खरं होतं. आमच्या सीमाभागाच्या लीगमध्ये सहा टीम. सगळ्यात खाली जी राहील ती दोन वर्षं लागोपाठ खाली राहिली तर बाहेर. आम्ही आदल्या वर्षी खाली होतो. आता पुन्हा खाली राहिलो की चिटगुप्प्याची टीम बंद. आणि टीम बंद झाली की माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं शिट्टी कुणासाठी वाजवायची? बायको म्हणाली होती, गॅसवर दूध ठेवलंय तिथं वाजव. हसण्यावारी नेलं मी, पण त्या रात्री शिट्टी उशाशी घेऊन झोपलो.

त्या वर्षी लीगवाल्यांनी नवीन टूम काढली होती. आपापल्या गावची पोरं घेऊन खेळायचं नाही. सगळ्यांची तीन रविवारी तीन गावांत ट्रायल, एक यादी, मग एका हॉलमध्ये बसून प्रत्येक टीमनं आळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. जी टीम खाली, तिला पहिलं नाव घ्यायचा मान. म्हणजे आम्हाला. माझं ठरलेलं होतं. भालकीकडचा एक गडी होता, वाऱ्यासारखा पळायचा. बघताक्षणी मी म्हणालो, हाच.

अण्णा म्हणाले, "मोजल्याबिगर बोलू नका, सर."

आणि मग त्यांनी जो उद्योग आरंभला! शिवलीलानं पुण्यात बसून कसलंसं ॲप करून दिलं. खेळणाऱ्याच्या अंगाला मोबाईल बांधायचा, तो किती पळाला ते मोबाईल मोजणार. बाकीचं, बॉल किती वेळा घेतला, कुणाला दिला, गोल किती, अडवले किती, ते अण्णा आणि त्यांनी हाताशी धरलेली दोन माणसं मोजून नावापुढं भरणार. शिवाय सगळ्याची मोबाईलवर शूटिंग. गंगाक्कांनी जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या. त्या आधी छातीवर बांधायच्या होत्या. पण अर्ध्या पोरांच्या छातीवर लिंगाची चौकी, म्हणजे गळ्यातली इष्टलिंगाची डबी, तिच्यावर दुसरं काही बांधायला कोण तयार होणार? मग पट्टे उलटे करून पाठीवर बांधल्या. लाल फुलाफुलांची पिशवी पाठीवर घेऊन ऐंशी गडी मैदानात पळताना मी बघितलेत. मैलूरच्या टीमचे खाजामियाँ कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "क्या जाधव सर, खेलने आए की बाजार को निकले?"

तिसऱ्या रविवारनंतर अण्णा माझ्या घरी आले. चेहरा नुसता उजळलेला. कागद माझ्यापुढं ठेवला.

"सर, हिरा घावला. बसवराज पाटील."

मी कागद बघितला. हा बसवराज पाटील सगळ्यांत जास्त पळाला होता. गोल सगळ्यांत जास्त. आणि गोलकीपर म्हणून अडवलेलेही सगळ्यांत जास्त.

"अण्णा, हा गोल करतोय बी, आन् अडवतोय बी?"

"तेच की! असा गडी बघितलाव का कुटं?"

"आन् तिन्ही रविवारी आलाय? बिदरला, हुमनाबादला, औरादला?"

"जिद्द बघा तेची," अण्णा म्हणाले.

मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. पण मी दुसऱ्याच रागात होतो. मला भालकीचा गडी पाहिजे होता. मी म्हणालो, "माझ्या डोळ्यानं बघितलंय ते खरं. तुमचा कागद ठेवा तुमच्यापाशी." थोडं जोरातच म्हणालो. अण्णांनी कागदाची घडी घातली. मग खाली बघत बोलले, आणि ते बोलणं मी विसरलेलो नाही.

"तीस वर्सं आकडा धाडला, सर. एक दिस चुकवला न्हाई. तो एक बॉल सोडा. तेवढ्या वर्सांत कुणी एकदाबी फोन करून म्हणलं न्हाई, वीरण्णा, तुजा आकडा कामाला आला. मी रागानं म्हणायलो न्हाई. आला असंल बी. पण मला कळलं न्हाई. एक आकडा वापरा माजा. एकच."

आता माणूस असं बोलल्यावर काय करता? मी म्हणालो, बरं.

निवडीचा दिवस हुमनाबादच्या एका मंगल कार्यालयात. सहा टेबलं, सहा टीमवाले, मागं खुर्च्यांवर ऐंशी खेळाडू, आतल्या खोलीत सगळ्यांच्या जेवणाचा भात शिजतोय. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे वकील. त्यांनी नियम वाचला, "एकदा नाव घेतलं की परत नाही." मी उभा राहिलो. अण्णा माझ्या शेजारी, हातात वही, ओठ हलतायत. मी छाती काढून म्हणालो, "चिटगुप्पा. बसवराज पाटील."

मागं तीन माणसं उठून उभी राहिली.

एक पहिल्या ओळीत, एक भिंतीपाशी, एक दारात. मग आतल्या खोलीचं दार उघडलं आणि हातात मोठा झारा घेऊन आचारी बाहेर आला. "कोण बोलवायलं मला?"

तोही बसवराज पाटील.

हॉल असा हसला की पंख्यावरची धूळ खाली आली. खाजामियाँ तर टेबलावर डोकं टेकून हसत होते. "अण्णा, तुमारा कंप्यूटर पूरे इलाके को एक आदमी समझा क्या?"

झालं होतं तेच. आमच्या भागात घरटी एक बसवराज, आणि त्यातले निम्मे पाटील. तीन गावचे तीन बसवराज पाटील तीन रविवारी तीन मैदानांवर खेळले, आणि ॲपनं नाव एकच बघून तिघांची बेरीज करून एक महापुरुष तयार केला. पुण्यातल्या कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय माहीत? शिवलीलाला माहीत असायला पाहिजे होतं, तिच्या वर्गातच चार होते. अण्णांना तर पाहिजेच होतं, त्यांच्या साडूचं नाव बसवराज पाटील आहे! पण आकडा इतका सुंदर निघाला होता की बापलेकीचं भान हरपलं.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "नाव परत घेता येणार नाही. चिठ्ठी टाका." खाजामियाँ म्हणाले, "चौथी भी डालो, बावर्ची भी तगड़ा है." चिठ्ठ्या तीनच टाकल्या. उचलायला अण्णांना बोलावलं. चिठ्ठी त्यांच्या हातून दोनदा खाली पडली. उघडली. दारातला बसवराज पाटील. औरादकडच्या चिंताकीचा.

गोल करणारा दुसरा होता. अडवणारा तिसरा. हा चिंताकीचा म्हणजे पस्तिशीला आलेला उंच, किडकिडीत शेतकरी, तूर करतो, मूग करतो, औरादची ट्रायल बघायला आला आणि माणूस कमी पडला म्हणून मैदानात उतरवलेला. शिवलीलानं फोनवरून बेरीज सोडवून दिली. चिंताकीच्या नावापुढं: गोल शून्य. बॉल हिसकावला शून्य. अडवला शून्य. पळणं म्हणाल तर यादीत सगळ्यांत खाली. भालकीचा तो वाऱ्यासारखा गडी तोवर खाजामियाँनी उचललेला होता.

मी त्या हॉलमध्ये अण्णांना जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "तीस वर्षं शून्य लिहिलात, आता माणूसबी शून्यच काढलात." सगळ्यांसमोर. अण्णांनी मान वर केली नाही. वही पिशवीत ठेवली, मला हात जोडून "शरणु" म्हणाले आणि बस धरून एकटेच गेले. जेवायलाही थांबले नाहीत.

आठ दिवस अण्णा मैदानाकडं फिरकले नाहीत. मी कुंपणाकडं बघायचो आणि बघितलंच नाही असं स्वतःला सांगायचो. नवव्या दिवशी आले. खिशात मोबाईल, हातात वही, पायांवर औरादच्या रस्त्याची लाल धूळ. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"सर, ते शून्य हाय. कोरं न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी तो मैदानात व्हता. चाळीस मिन्टं व्हता. मी शूटिंग अकरा डाव बघितलो. तेच्या बाजूनं समोरच्यांनी एकदाबी बॉल आणला न्हाई. एकदाबी! बॉल तिकडं आलाच न्हाई तर हिसकावणार काय आन् अडवणार काय? मी खोटं मोजायलो व्हतो. जे झालं ते मोजायलो. जे झालं न्हाई ते मोजलोच न्हाई."

मी म्हणालो, योगायोग असेल. अण्णा म्हणाले, "म्हणून तर चिंताकीला जाऊन आलो."

चिंताकीला बसवराजच्या शेतात अण्णा दोन दिवस राहिले होते. त्या बाजूला काळविटांचे कळप आहेत, उगवलेलं पीक साफ करतात. बाकीचे शेतकरी ओरडतात, डबे बडवतात, मागं पळतात. बसवराज पळतच नाही. अण्णांनी त्याला विचारलं, कामून पळत न्हाईस? तर तो म्हणाला, "पळून काय करायचं अण्णा? हरण लै पळतंय. ते कुटनं शिरणार हाय ते बघायचं, आन् आदीच तितं जाऊन उबं ऱ्हायाचं. मग ते येतच न्हाई." एवढंच. दोन दिवसांत तो एवढंच बोलला, असं अण्णा म्हणाले. तेही त्यांनी मोजलं असणार.

मी ऐकून घेतलं. मनातून अजून पटलेलं नव्हतं. पण हॉलमधलं माझं बोलणं मला चावत होतं, म्हणून मी म्हणालो, "खेळवतो त्याला. डाव्या बाजूला. पण अण्णा, बुडालो तर?"

"बुडालो तर शून्य लिवून ठिवू," अण्णा म्हणाले, "पण जाऊन बघून लिवू."

त्या सीझनमध्ये आम्ही काही पराक्रम गाजवला नाही. हरलो, बरोबरीत सुटलो, कधी नशिबानं जिंकलो. बसवराज चिंताकीहून बस बदलत यायचा, बूट चढवायचा, डाव्या बाजूला जाऊन उभा राहायचा, आणि मॅच संपली की बूट काढून परत बस. त्याचा शर्टसुद्धा मळायचा नाही. मला ते बघवायचं नाही. "अरे पळ की!" मी ओरडायचो. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा जशी आमची म्हैस माझ्याकडं बघते. अण्णा मात्र कुंपणापाशी उभं राहून वहीत नवीन रकाना भरायचे. डाव्या बाजूनं किती वेळा आले. शून्य. एक. शून्य. शून्य.

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर, मैलूरशी. औरादवाल्यांचे सामने संपलेले, त्यांचे आणि आमचे गुण सारखे. आम्हाला एक गुण मिळाला की औराद खाली. हरलो तर आम्ही बाहेर, गोलांचा हिशेब आमच्या विरुद्ध होता. म्हणजे जिंकायची गरज नव्हती. नुसतं हरायचं नव्हतं. आणि समोर खाजामियाँ, त्यांच्याकडं भालकीचा तो गडी. गंगाक्कासुद्धा मॅचला आल्या होत्या. पुण्याची बॅग भरून घरी ठेवलेली, तिकीट चार दिवसांनंतरचं.

भालकीचा गडी आमच्या उजवीकडून दोनदा घुसला. एकदा बॉल खांबाला लागला. गोलकीपर नसता तर तिथंच संपलो असतो. मग खाजामियाँनी ओरडून त्याला दुसऱ्या बाजूला पाठवलं, आमच्या डावीकडं. "उधर से मार! उधर वो खेती वाला खड़ा है!"

गडी बॉल घेऊन सुसाट निघाला. मी शिट्टी फेकली, तोंडाला हात लावला आणि ओरडणार, "बसवराज, प..." तेवढ्यात माझा दंड कुणीतरी घट्ट धरला. अण्णा होते. मॅच चालू असताना कुंपण सोडून पहिल्यांदाच रेषेपर्यंत आले होते.

"पळवू नका, सर. उबं ऱ्हाऊ द्या."

मी तोंड मिटलं. चोवीस वर्षं पीटी केली, पण गप्प बसायला तेवढा जोर कधी लागला नव्हता. बसवराज दोन पावलं बाजूला सरकला. दोनच. भालकीच्या गड्यानं मान वर केली, समोर हा उंच माणूस नेमका तिथंच उभा जिथून त्याला जायचं होतं. तो थबकला. उजवीकडं बघितलं, बसवराज अर्धं पाऊल तिकडं. शेवटी गड्यानं वळून बॉल मागं देऊन टाकला. पुन्हा आला. पुन्हा मागं दिला. तिसऱ्यांदा तो तिकडं आलाच नाही. खाजामियाँ टोपी काढून जमिनीवर आपटत होते, "अरे, जा ना उधर! कोई बाघ बैठा है क्या?"

मॅच संपली. आमचे गोल शून्य, त्यांचे शून्य.

मग जे काही झालं! ढोल कुठून आला देव जाणे. पोरं एकमेकांच्या अंगावर, बांधावरून भांडणारे, यादीतून मी परत उचललेले ते दोघे चुलतभाऊ गळ्यात गळा घालून रडतायत. गंगाक्कांनी माझ्या हातात पेढा ठेवला. बसवराज बूट काढत म्हणाला, "सर, जातो. बस हाय." मी त्याला मिठी मारली, तो लाकडासारखा उभा राहिला.

आणि अण्णा कुठं दिसेनात. शोधलं तर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात, एकटेच. मधली माती सगळी उखणलेली, त्या कोपऱ्यात मात्र गवत होतं तसं. अण्णा गुडघ्यावर बसून त्या गवताकडं बघत होते. मापात बघायचे तसेच.

मी तिकडं निघालो. चार पावलं गेलो आणि थांबलो. खिशातून मोबाईल काढला आणि नंबर लावला. लांबून दिसलं, अण्णांनी खिसे चाचपले, फोन काढला, लांब धरून नाव वाचलं, कानाला लावला.

"हॅलो, सर? कुटनं बोलायलाव?"

मी काही सांगितलं नाही कुठून बोलतोय ते. आवाज जेवढा सरळ ठेवता आला तेवढा ठेवून म्हणालो, "वीरण्णा, तुमचा आकडा कामाला आला."

ढोलाचा आवाज दोन्हीकडून ऐकू येत होता, मैदानातून आणि फोनमधून. अण्णा उठून उभे राहिले. वळून बघितलं नाही. डाव्या हातानं टोपी काढली, तोंडावरून फिरवली, पुन्हा घातली.

"कुटला आकडा, सर?"

"शून्य."

मी बघितलं, फोन मान आणि खांद्यात धरून ते काखेतली वही काढत होते.

"थांबा, सर," अण्णा म्हणाले, "लिवून घेतो."